एका जागी न थांबणारा रेडिओ

आपलं हे रेडिओ केंद्र रोज एकाच आकड्यावर लागतं. म्हणून तर मेढ्याच्या बाजारात असा नाहीतर वेण्णेकाठच्या शेतात, आकडा लावला की आम्ही सापडतो. आज मात्र अशा रेडिओचा इतिहास सांगणार आहोत, जो मुद्दामच एका आकड्यावर थांबत नाही. तो असतो हौशी विमानांच्या आणि ड्रोनच्या रिमोटमध्ये. केंद्र सरकारने २०२३ साली १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याची ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर केली. तेव्हा असा रिमोट उद्या आपल्यातल्याच कुणाच्या हाती येईल. तो कसा चालतो, हे आपल्याला माहीत हवं.

बिनतारी चालणारी नाव निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये लोकांना दाखवली. पुढे हौशी लोक अशीच विमानं उडवू लागले. त्या रिमोटमध्ये एक स्फटिक बसवलेला असे आणि विमानात त्याचाच जोडीदार. दोघं मिळून एकच फ्रिक्वेन्सी, म्हणजे लहरीचा एकच आकडा, धरून राहत. युरोपात ३५ मेगाहर्ट्झच्या आणि अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झच्या आसपास हे आकडे असत.

यात अडचण एकच, पण मोठी. मैदानावर दुसऱ्याने त्याच आकड्याचा रिमोट चालू केला, की पहिल्याचं विमान हातातून गेलंच. म्हणून क्लबात एक फळी असे. तिच्यावर आकड्यांचे चिमटे. ज्याच्याकडे त्या आकड्याचा चिमटा, त्यानेच रिमोट चालू करायचा. पाणवठ्यावर नंबर लावतो ना आपण, तसंच.

यावरचा उपाय कागदावर फार आधी उतरला होता, आणि त्यात एका बाईचा हात होता. हेडी लमार ही व्हिएन्नात जन्मलेली, हॉलिवूडची गाजलेली नटी. दुसऱ्या महायुद्धात तिने संगीतकार जॉर्ज अँथाइल यांच्याबरोबर पाण्याखालच्या टॉर्पेडोसाठी एक युक्ती काढली. आपोआप वाजणाऱ्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी फिरते, त्याप्रमाणे सूर बदलतात. तशाच दोन सारख्या गुंडाळ्या, एक जहाजावर आणि एक टॉर्पेडोत. दोन्ही एकाच वेळी फिरतील आणि रेडिओ ८८ आकड्यांवर उड्या मारत राहील. पियानोच्या पट्ट्याही ८८च. शत्रूने एक आकडा अडवला, तरी तोवर रेडिओ पुढच्या आकड्यावर गेलेला असेल.

११ ऑगस्ट १९४२ रोजी त्याचं पेटंट मिळालं. पण नौदलाने ते तेव्हा वापरलं नाही. हेडीच्या वाट्याला आलं ते युद्धासाठी रोखे विकण्याचं काम. पेटंटची मुदत संपली, पैसा एकही मिळाला नाही. पहिला मोठा सन्मान आला १९९७ साली, तेव्हा ती ८२ वर्षांची होती. आजचे रिमोट थेट तिच्या गुंडाळीतून निघाले असं आम्ही म्हणणार नाही. या कल्पनेवर इतरांनीही काम केलं. पण सुंदर चेहऱ्यामागे डोकंही असतं, हे मानायला जगाने पन्नासहून जास्त वर्षं घेतली.

हौशी रिमोट २.४ गीगाहर्ट्झवर आले ते २००५च्या सुमारास. आपल्या देशातही त्याच वर्षी जानेवारीत या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली. आता प्रत्येक रिमोटला स्वतःची ओळख असते आणि विमान फक्त त्याचंच ऐकतं. या जोडणीला ‘बाइंड’ करणं म्हणतात. चिमट्यांची फळी गेली.

कंपन्यांच्या रीती मात्र वेगळ्या होत्या. स्पेक्ट्रमची डीएसएम-टू पद्धत चालू होताना दोन मोकळे आकडे शोधी आणि त्यांवरच बसून राही. फुटाबाची फास्ट पद्धत सतत उड्या मारी. दोन आकड्यांची पद्धत साधी आणि चांगली चाले. पण नंतर त्याच दोन जागी गर्दी झाली तर पळायला वाट नसे. वायफाय आणि ब्लूटूथही याच पट्ट्यात असल्याने गर्दी वाढतच गेली. शेवटी स्पेक्ट्रमनेही डीएसएम-एक्समध्ये उड्यांचीच वाट धरली.

उड्यांनी गर्दी टळते, डोंगर टळत नाही. ही लहर सरळ रेषेत जाते. आपल्या जावळीत ड्रोन टेकाडाआड किंवा दाट झाडीमागे गेला, की संपर्क तुटू शकतो. म्हणून तो कायम नजरेसमोर ठेवावा.

प्रशिक्षणाला गेलात, तर तीन गोष्टी विचारून घ्या. हा रिमोट आकडे बदलत राहतो का? बाइंड कसं करायचं? आणि संपर्क तुटला तर ड्रोन काय करेल, जागीच थांबेल, खाली उतरेल की माघारी येईल? शेवटच्याला ‘फेलसेफ’ म्हणतात. ते उडवण्याआधी आपल्यासमोर तपासून दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका, मैत्रिणींनो.