मनी, उंदीर आणि प्लेग

परवा रात्री आमच्या मनीने माळ्यावरचा उंदीर पकडून थेट माझ्या उशाशी आणून ठेवला. मी किंचाळले. आई म्हणाली, "अगं, कौतुक कर तिचं!"

मला मात्र एकदम प्लेग आठवला...

१८९७ साली पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे सोल्जर घराघरात शिरले. माणसं शोधून छावण्यांत नेली, सामान जाळलं. त्याच साथीत १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या, रुग्णांची सेवा करता करता. पुढे २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. हे सगळं शाळेत शिकलो. पण माळ्यावरच्या उंदरांकडे तेव्हा कुणाचं फारसं लक्ष नव्हतं. उंदरांच्या पिसवा प्लेग पसरवतात हे सिमाँने कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि तेही लोकांना पटायला काही वर्षं गेली.

मग अमरावतीच्या ब्युकॅनन नावाच्या सरकारी डॉक्टरने मांजरांची बाजू घेतली. ज्या गावात मांजरं जास्त तिथे प्लेग कमी, असं त्याचं म्हणणं १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. बिचाऱ्या मांजरांनाही प्लेग होतो, हे आज आपल्याला माहीत आहे. म्हणजे राखणदाराचाच जीव धोक्यात!

तेव्हापासून एकच विचार डोक्यात घोळतोय. माणसं छावणीत गेल्यावर पेठांतल्या त्या कुलूपबंद घरांपाशी मांजरांना दूध कोण घालत असेल?

असो. उंदीर मी कागदात गुंडाळून टाकला. मनी दिवसभर माझ्या उशीभोवती तो शोधत होती.