मुधोळ ते मुलुंड

कुत्र्याची पैदास हा विषय वसंत व्याख्यानमालेस शोभतो काय, अशी शंका काही श्रोत्यांच्या मनात आली असेल. परंतु अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, आज हजारो रुपये मोजून जातिवंत पिलू घरी आणले जाते. आणताना रंग पाहतात, कान पाहतात. आईबाप मात्र कोणी पाहत नाही. ही नजर आपल्याला कोठून लागली?

दख्खनची जुनी नजर निराळी होती. घटप्रभेच्या प्रदेशातील मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. 1948 मध्ये ते मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1956 च्या पुनर्रचनेत म्हैसूर राज्यात गेले. 1857 साली हत्यारबंदीविरुद्ध उठलेले हलगलीचे बेडर याच मुलखातले. बेडरांजवळची सडपातळ, लांब पायांची शिकारी कुत्री राजे मालोजीराव घोरपडे यांच्या नजरेत भरली आणि त्यांनी त्या जातीला राजाश्रय दिला. आपल्याकडे याच कुळीच्या कुत्र्यांना कारवान म्हणतात; कानांवर व शेपटीवर लांब केस असले की पश्मी. वायव्येकडील तांड्यांबरोबर त्यांचे पूर्वज आले, असे सांगतात. ते कसेही असो. माळावर ससा धरू पाहणाऱ्याला वंशावळीचा कागद नको होता. धावताना जे कुत्रे लवकर थके, ज्याचा पाय अधू असे किंवा जे घरच्या पोरावरच दात काढी, त्याची वीण पुढे नेण्यात त्याला काही लाभ नव्हता. ही निवड कठोर होती, प्रसंगी निर्दयही. पण ती कामावरून होत असे, मुखड्यावरून नव्हे.

मुखड्याची आवड विलायतेतून आली. 1859 साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे प्रदर्शन भरले आणि 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. मग जातीजातींच्या नोंदवह्या झाल्या. वही बंद केली की बाहेरचे रक्तही बंद होते. बक्षीस मिळविणारा एकच नर असंख्य पिलांचा बाप होतो, आणि त्याच्यातला लपलेला दोष काही पिढ्यांनी आईकडून व बापाकडून असा दोन्ही बाजूंनी पिलात उतरतो. 2008 मध्ये बीबीसीच्या एका चित्रपटाने हे चव्हाट्यावर आणले. पुढल्या वर्षी बीबीसीने क्रफ्ट्स या प्रसिद्ध प्रदर्शनाचे प्रक्षेपण थांबविले आणि क्लबाने बापलेक, मायलेक व सख्खी भावंडे यांच्या संबंधातील पिलांची नोंद बंद केली. इतके साधे शहाणपण सुचावयास शतकाहून अधिक काळ लागला!

आपल्या उपनगरांचे दुखणे याहून वेगळे नाही. 2003 मध्ये एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत चपट्या नाकाचा पग झळकला आणि घरोघरी तो हवासा झाला. कुत्रा उष्णता बाहेर टाकतो ती मुख्यतः धापा टाकून. नाकच चेपलेले, त्यात मुंबईची दमट हवा; मे महिन्यात त्या जिवाचे काय होत असेल? आणि बर्फातल्या हस्कीला चौथ्या मजल्यावर ठेवणाऱ्यांविषयी आम्ही काय बोलावे!

स्वभावाचीही तीच कथा. 1959 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ बेल्यायेव यांनी कोल्ह्यांतून केवळ माणसाला न बिचकणारे निवडून त्यांची वीण सुरू केली. थोड्याच पिढ्यांत शेपटी हलवीत जवळ येणारी पिले जन्मू लागली. माणसाळूपणा जर रक्तातून उतरतो, तर चावऱ्या वा भेदरट मादीची पिले विकणे हा गिऱ्हाइकाशी अप्रामाणिकपणाच होय. अर्थात सारे रक्तात नसते. पहिल्या तीन महिन्यांत माणसांचा सहवास न मिळालेले पिलूही बुजरे निघते.

2017 च्या केंद्रीय नियमांनी पैदास करणाऱ्यास नोंदणी सक्तीची केली. मादी अठरा महिन्यांची होण्यापूर्वी वीण नको, आयुष्यात पाचांहून अधिक वेते नकोत आणि आठ आठवड्यांच्या आतले पिलू विकू नये, असे त्यांत आहे. तेव्हा विक्रेत्याकडे नोंदणीपत्र मागावे, मोठ्या जातीचे कुत्रे असल्यास आईबापांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली काय ते विचारावे, आणि पिलाची आई तिच्या राहत्या जागी, पिलांसह पाहण्याचा हट्ट धरावा. ती अंगावर धावून येते की हात चाटते, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते. आणि कोणास मुधोळचेच कुत्रे हवे असेल, तर परक्याचा हात त्याला सहसा रुचत नाही आणि रोज मोकळे धावल्यावाचून त्याचे भागत नाही, हे ध्यानी घेऊन मुलुंडकराने आधी जवळपास माळ शोधावा.