मूल पहिलीत जाताय? पालकांनी एवढं लक्षात ठेवा

मालवण : जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरण्याआधी जिल्हा परिषद शाळेत ‘शाळा पूर्वतयारी मेळावा’ होतो. २०२२ पासून राज्यभर सुरू असलेल्या या मेळाव्यात मुलाची भाषा, आकडे, हालचाल बघतात. ही परीक्षा नव्हे. शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाला चाचणी घेता येत नाही.

पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरते. रापणीला, गणपतीत जास्त दिवस दांडी झाली की वाचन मागे पडतं. तिसरीअखेर मुलाला समजून वाचता यावं, हे ‘निपुण भारत’चं उद्दिष्ट आहे.

घरात ‘माका, खय’, पुस्तकात ‘मला, कुठे’. मालवणी बोलतो म्हणून ओरडू नका, दोन्ही शब्द सांगा. बांगडे मोजायला लावा.

अडचण असल्यास शाळा व्यवस्थापन समितीत मांडा. तिथे ७५ टक्के सदस्य पालकच असतात.