तोंडाचा कॅन्सर : रिपोर्टातील ‘ग्रेड’ वेगळी, ‘स्टेज’ वेगळी, नातेवाइकांनी काय वाचावे?

आदिलाबाद : खर्रा, गुटखा, तंबाखू खाणाऱ्याच्या गालात किंवा जिभेवर जखम होते आणि दोन आठवडे झाले तरी भरत नाही. डॉक्टर लहानसा तुकडा काढून तपासायला पाठवतात, ती बायोप्सी. रिपोर्टात ‘वेल डिफरन्शिएटेड’ आले की ‘वेल’ म्हणजे चांगले, असे समजून घरी बसू नका. वेल असो की पुअर, कॅन्सर तो कॅन्सरच.

ग्रेड म्हणजे काय?
कॅन्सरच्या पेशी मूळच्या निरोगी पेशींसारख्या किती दिसतात, त्यावर ग्रेड ठरते. बऱ्याच सारख्या दिसल्या तर वेल, मधल्या असतील तर मॉडरेट, ओळखूच येत नसतील तर पुअर. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे डॉ. अल्बर्ट ब्रोडर्स यांनी १९२० मध्ये ओठाच्या कॅन्सरसाठी अशी वर्गवारी मांडली. पुअर ग्रेडमध्ये धोका जास्त. पण एकट्या ग्रेडवरून आजार पसरेल की नाही, हे सांगता येत नाही.

मग अंदाज कशावरून?
पहिली गोष्ट खोली. पऱ्हाटी वर वीतभर दिसते, मूळ किती खाली गेले ते उपटल्यावरच कळते. तसेच गाठीचे. २०१८ पासून वापरात आलेल्या स्टेजिंगमध्ये खोलीही मोजतात. गाठ २ सेंटिमीटरच्या आतली, पण ५ मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर ती टी-१ राहत नाही, टी-२ होते. त्याहून खोल गेली की टी आणखी वाढू शकते.

दुसरे, पेशी नसांभोवती किंवा रक्तवाहिनीत शिरल्या का. तिसरे, मानेतल्या गाठींत आजार पोचला का आणि गाठीचे कवच फोडून बाहेर आला का.

मान आधीच का कापतात?
‘मानेत काही लागत नाही, मग ऑपरेशन कशाला?’ असा प्रश्न नातेवाईक विचारतात. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या पथकाने सुरुवातीच्या स्टेजच्या ५०० पेशंटचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. तोंडाच्या ऑपरेशनसोबतच मानेच्या गाठी काढलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांत ६७.५ टक्के.

काय करावे?
आधी रिम्समध्ये दाखवावे. पुढे हैदराबादचे एमएनजे किंवा नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. जाताना रिपोर्टासोबत बायोप्सीची स्लाइड आणि मेणातला ब्लॉक मागून घ्या. तिथे पुन्हा तपासता येते. आरोग्यश्री कार्ड पेनगंगेपलीकडे चालेल का, हे निघण्याआधी विचारा. ऑपरेशननंतरच्या रिपोर्टात खोली, कड आणि मानेच्या गाठी या तीन ओळी डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि खर्रा आजच सोडा.