हाय-रेझ खरंच ऐकू येतं का? चुकीच्या प्रश्नाची शंभर वर्षं

मुलुंडला एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण एक प्रयोग करायला बसलो होतो. गाणं एकच, फाइल्स दोन. एक एमपी३ आणि दुसरी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची हाय-रेझ. सगळ्यांनी हाय-रेझ बरोबर ओळखली. मी खूश! वहीत "फरक स्पष्ट" असं लिहूनही टाकलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की हाय-रेझ फाइल जरा मोठ्याने वाजत होती. थोडा मोठा आवाज आपल्याला "जास्त चांगला" वाटतो, ही जुनी गोष्ट आहे. शिवाय कोणती फाइल चालू आहे हे मला माहीत होतं आणि सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते. तो निष्कर्ष मी वहीतून खोडला. पण त्या खाडाखोडीतून माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण निघालं, म्हणून आज तुम्हाला हा विषय सांगतोय.

आधी आकडे

सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. त्यात २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. माणसाचा कान साधारण २०,००० पर्यंत ऐकतो आणि वयाबरोबर ही मर्यादा खाली येते. ४४,१०० हाच आकडा का? तर सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. सेकंदाला ६० फील्ड, प्रत्येकात २४५ वापरण्याजोग्या रेषा, प्रत्येक रेषेवर ३ नमुने. गुणाकार करून बघा. कानाची गरज आणि हाताशी असलेलं यंत्र, दोघांनी मिळून हा आकडा ठरवला.

२०२१ मध्ये ॲपल म्युझिकने २४ बिट, १९२ किलोहर्ट्झपर्यंतची गाणी द्यायला सुरुवात केली आणि जुना वाद नव्याने पेटला. एक बाजू म्हणते, कानाला न ऐकू येणारं विकताय. दुसरी म्हणते, तुमचे कान तयार नाहीत. घाटकोपरच्या गर्दीत ब्लूटूथ इअरफोन लावून ऐकणाऱ्याला तर दोन्ही बाजू लागू नाहीत, कारण नेहमीचं ब्लूटूथ ती फाइल वाटेतच पुन्हा दाबून लहान करतं.

आता इतिहास

१९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत "टोन टेस्ट" घेतल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. अंधार करायचा आणि लोकांना विचारायचं, आत्ता कोण गातंय? लोक फसत. त्या काळी मुद्रण कर्ण्यातून व्हायचं, म्हणजे वरचे आणि खालचे बरेच स्वर गळून जात. मग लोक फसले कसे? त्या कार्यक्रमांत गाणाऱ्या ॲना केस यांनी पुढे सांगितलं की त्या आपला आवाज यंत्रासारखा काढत. ही चाचणी जाहिरात म्हणूनच रचलेली होती.

२००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उलट पद्धत वापरली. हाय-रेझ डिस्कचा आवाज एकदा तसाच आणि एकदा सीडीच्या दर्जातून गाळून ऐकवला, दोन्हींची पातळी सारखी ठेवून. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये लंडनच्या जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली. फरक छोटा, पण संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा. आणि भरपूर सराव दिलेल्या श्रोत्यांत तो वाढला. इथे कोण जिंकलं ते शोधू नका. श्रोते, सराव आणि ध्वनिसामग्री बदलली की उत्तर हलतं, हे टिपून ठेवा.

मुंबईतला खरा प्रश्न

१९३५ ते १९५५ या काळात मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने "यंग इंडिया" या नावाने ७८च्या तबकड्या काढल्या. त्यांचा कारखाना वडाळ्याला होता. मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी ब्रिटिश लायब्ररीच्या योजनेतून या तबकड्यांच्या डिजिटायझेशनचं काम केलं.

आता गंमत बघा. लाखेच्या तबकडीत २० हजार हर्ट्झचं गाणं नसतंच. मग ती हाय-रेझमध्ये साठवणं म्हणजे उधळपट्टी? ध्वनिसंग्रहालयांची आंतरराष्ट्रीय संघटना मात्र किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते आणि ९६ ची शिफारस करते. कारण गाणं नसलं तरी खरखर तिथवर पोचते. ओरखड्याचा "टक्" जितका नेमका पकडाल, तितका तो पुढे गाण्याला धक्का न लावता काढता येतो. जो आकडा श्रोत्याला कदाचित चैन असेल, तो संग्राहकाची गरज आहे.

आणि जिथे आकडा काहीच करू शकत नाही, अशीही एक जागा आहे. जुन्या तबकड्या सगळ्या ७८ फेऱ्यांच्या नव्हत्या. ७४ वर मुद्रित झालेली ७८ वर वाजवली, तर पांढरी चारचा गायक जवळजवळ काळी तीनला जाऊन बसतो आणि तान उगाच चपळ वाटते. ही चूक १९२ किलोहर्ट्झमध्येही तितकीच स्वच्छ जपली जाते! वर आपण त्यावरून लिहून मोकळे होतो की अमुक बुवांचा आवाज फार चढा होता.

तुमच्यासाठी

प्रस्तावना लिहायला बसाल तेव्हा "हे चांगलं की ते?" असा प्रश्न आला, तर थांबा. कोणासाठी, कशासाठी, कोणत्या मूळ प्रतीवरून आणि कोणी मोजलं, ही चार उत्तरं आधी लिहा. दोन गोष्टींची तुलना करत असाल तर बाकी सगळं सारखं आहे का ते तपासा, आणि उत्तर माहीत असलेल्या माणसाला खोलीबाहेर पाठवा.

मुलुंडचा प्रयोग आम्ही पुन्हा केला. या वेळी दोन्हींचा आवाज मोजून सारखा केला, फाइल कोणती हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं आणि मी बाहेर जिन्यात बसलो. पाचपैकी चार जणांची खात्री गेली. पाचवा अजून ठाम आहे. त्याच्यासोबत आणखी वीस फेऱ्या करायच्या आहेत. तोवर वहीतलं ते पान कोरंच ठेवलंय.