आहारविकार : पहिली तीन वर्षे मोलाची
जेवण टाळणे किंवा भरमसाट खाऊन मुद्दाम उलटी काढणे, हे तरुणांचे नखरे नसून 'अ‍ॅनोरेक्सिया' वा 'बुलिमिया' या मानसिक आजारांची लक्षणे असू शकतात. आजार जुना होतो तशा या सवयी घट्ट होतात व उपचार अवघड बनतात. म्हणूनच लंडनमधील मॉड्सली रुग्णालय व किंग्ज कॉलेजच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये 'फ्रीड' ही सेवा सुरू केली. ती १६ ते २५ वयोगटातील, तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्यांसाठी आहे. डॉक्टरांची शिफारस येताच ४८ तासांत दूरध्वनी, दोन आठवड्यांत तपासणी आणि चार आठवड्यांत उपचार, हे तिचे उद्दिष्ट. कुटुंबीयांनाही त्यात सामावून घेतले जाते. २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तिचा देशभर विस्तार जाहीर केला.