सीलला दाखला, माणसाला नाही

जपानमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला आज पालिकेचा रहिवासी दाखला हवा असेल तर कोपऱ्यावरच्या चोवीस तास चालणाऱ्या दुकानात जायचं, तिथल्या यंत्रावर 'माय नंबर' कार्ड ठेवायचं आणि चार आकडे दाबायचे. की कागद बाहेर! माझी भाची तिथे बरीच वर्षं आहे. तिने फोनवर हे अगदी सहज सांगितलं. पण ज्याने आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला त्याला असं काही ऐकलं की पुढचा प्रश्न सुचतोच : "याच्या आधी काय होतं?"

आधी बरंच काही होतं. ३ मे १९४७ ला जपानची नवी राज्यघटना अमलात आली. त्याच्या आदल्याच दिवशी परदेशी लोकांच्या नोंदणीचा वटहुकूम निघाला. गंमत अशी, की त्या 'परदेशी' लोकांत बहुसंख्य होते कोरियन. त्यांचा देश जपानने गिळला होता, म्हणून ते तोवर बादशहाचे प्रजाजन होते. २८ एप्रिल १९५२ ला सॅन फ्रान्सिस्कोचा तह लागू झाला आणि त्यांचं जपानी नागरिकत्व गेलं. त्याच दिवशी परदेशी नोंदणीचा कायदाही आला.

१९५५ पासून बोटांचे ठसे सुरू झाले. डाव्या हाताची तर्जनी शाईत बुडवायची. शाळकरी वयाच्या मुलांनाही ते चुकलं नाही. शिवाय कार्ड सतत खिशात हवं. आपल्याकडे ठसा म्हटलं की एक तर अंगठाबहाद्दर, नाहीतर पोलीसचौकी. तिथे जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या मुलाला तो देताना काय वाटत असेल, कल्पना करा.

१९८० साली टोकियोतल्या शिंजुकू वॉर्ड ऑफिसात हान जोंग-सोक या कोरियन गृहस्थांनी ठसा द्यायला साफ नकार दिला. पुढे १९८५ पर्यंत नकार देणारे हजारोंनी झाले. १९९३ मध्ये कायम रहिवाशांचे ठसे बंद झाले आणि २००० मध्ये सगळ्यांचेच. (२००७ पासून विमानतळावर येणाऱ्या बहुतेक परदेशी लोकांचे ठसे पुन्हा घेतले जाऊ लागले, ते वेगळं. आता शाई लागत नाही एवढंच!)

ठसे गेले, पण नोंदवही वेगळीच राहिली. जपानी कुटुंबाची नोंद 'जुमिनह्यो' या रहिवासी दाखल्यात असते. परदेशी माणूस त्यात नसे. जपानी बाईचा नवरा परदेशी असला तर कागदावर ती मुलांसह एकटीच दिसायची. कर मात्र नवऱ्याकडूनही वसूल होई, त्यात भेदभाव नव्हता!

२००२ साली टोकियोजवळच्या तामा नदीत एक सील मासोळ्या खात फिरू लागला. लोकांनी त्याचं नाव ठेवलं तामा-चान. लाडात येऊन योकोहामाच्या निशी वॉर्डाने फेब्रुवारी २००३ मध्ये त्याला चक्क जुमिनह्यो दिला. झालं! तिथले काही परदेशी रहिवासी गालांवर मिशा रंगवून रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं एवढंच, की सीलला मिळतं ते आम्हाला का नाही? मला हा निषेध फार आवडतो. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही, आणि मुद्दा लहान पोरालाही कळावा.

अखेर ९ जुलै २०१२ ला जुना कायदा गेला आणि परदेशी रहिवासी त्याच नोंदवहीत आले. पुढचं सगळं त्या एका ओळीवर उभं आहे. ऑक्टोबर २०१५ पासून जपान्यांबरोबर त्यांनाही माय नंबर मिळाला. २०२० च्या करोनात २७ एप्रिलला नोंदवहीत ज्याचं नाव होतं त्याला माणशी एक लाख येन मिळाले, परदेशी असला तरी. २०२२ पासून तर राहण्याची मुदत वाढवायचा अर्जही कार्डाच्या आधारे घरबसल्या करता येतो.

सगळं आलबेल आहे असं नाही. मुदतीवर राहणाऱ्याचं माय नंबर कार्ड त्याच्या व्हिसाच्या मुदतीबरोबर संपतं. मुदत वाढली की कार्ड वाढवायला पुन्हा वॉर्ड ऑफिस. आणि फॉर्ममध्ये नाव काताकाना लिपीत हवं. त्या लिपीत 'ल' आणि 'र' एकच, त्यामुळे आपले कुलकर्णी तिथे 'कुरुकारुनी' होतात. बँकेत एक आणि कार्डावर दुसरं असं झालं की संगणक अडून बसतो. कारकुनाला निदान समजावता तरी येतं हो, यंत्राला काय सांगणार?

तरीपण मला वाटतं, यंत्र ही नंतरची गोष्ट. आपला माणूस कोण, हे आधी कुणीतरी वहीत लिहावं लागतं. ती ओळ लिहायला तिथे पासष्ट वर्षं लागली. आपल्याकडे आधारच्या २०१६ च्या कायद्यात मूळ अट नागरिकत्वाची नव्हती, वर्षात १८२ दिवस वास्तव्याची होती. हेही सहज झालेलं नाही, कुणीतरी विचार करून लिहिलेलं आहे.

तुमच्यापैकी जे परदेशी राहतात त्यांनी जरूर लिहा. तुमच्या गावच्या वहीत तुमचं नाव कुठल्या पानावर आहे?